लेकराची पहिली दिल्ली

प्रश्न : आम्ही परभणीचे. मुलगी सात वर्षांची, दुसरीत आहे. दिवाळीच्या सुटीत तिला पहिल्यांदाच दिल्ली दाखवायचं चाललंय. मी, मिस्टर, मुलगी आणि सासूबाई असे चौघं. सासूबाईंचे गुडघे दुखतात. मिस्टरांनी अठरा ठिकाणांची यादी केलीय, त्यात एक दिवस आग्रा-मथुराही आहे. मला मात्र धास्ती वाटते. मागच्या वर्षी वेरूळला एक नंबरच्या लेण्यापासून सुरुवात केली, तर पाचव्यापर्यंत येता येता ही मटकन खाली बसली आणि 'घरी चला' म्हणून रडायला लागली. कैलास लेणं धड पाहिलंच नाही. दिल्लीतही असंच झालं तर एवढा खर्च पाण्यात जाईल. कधी जावं, काय दाखवावं, कसं न्यावं, सविस्तर सांगा. – एक आई, परभणी

उत्तर : ताई, वेरूळला चूक झाली ती क्रमाची. कैलास लेणं १६ नंबरचं. तिथवर पोचेपर्यंत सात वर्षांच्या लेकराचे पाय आणि लक्ष दोन्ही संपलेले असतात. तेच सकाळी आधी दाखवलं असतं, तर बाकीची लेणी राहिली तरी कुणाला रुखरुख लागली नसती. दिल्लीलाही हेच करा. दिवसाला एकच मोठं ठिकाण, तेही सकाळी. दुपारी खोलीवर झोप आणि संध्याकाळी जमलंच तर एखादं हलकं ठिकाण. या हिशेबात अठरातली फार तर सहा-सात ठिकाणं बसतात. सासूबाईंच्या गुडघ्यांनाही हेच झेपेल.

पण त्याआधी तारखेचं बोलू, कारण खरी अडचण तिथेच आहे. दिवाळीची सुटी सोयीची वाटते, पण दिल्लीची हवा वर्षात सगळ्यात वाईट असते ती याच सुमारास. थंडी सुरू झालेली असते, वारा पडलेला असतो, त्यामुळे धूर जमिनीलगतच साचून राहतो. त्यात शेतातलं भाताचं काड जाळल्याचा आणि फटाक्यांचा धूर मिसळतो. हवेचा निर्देशांक ३०० च्या वर गेला की 'अतिशय खराब' आणि ४०० च्या वर 'गंभीर' धरतात, आणि त्या दिवसांत असे आकडे दिल्लीला नवे नाहीत. मुलीला कधी दम्याचा किंवा बाळदम्याचा त्रास झाला असेल तर दिवाळीत अजिबात नेऊ नका. डिसेंबरअखेर आणि जानेवारीत धुक्याने गाड्या तासन्‌तास रखडतात, शिवाय २६ जानेवारीच्या तयारीमुळे इंडिया गेटच्या आसपासचे रस्ते बंद असतात. मे महिन्यातलं ऊन तर आपल्याकडच्या उन्हालाही मागे टाकतं.

म्हणून सांगतो, फेब्रुवारीचा दुसरा आठवडा धरा. दुसरीच्या मुलीची आठवडाभर शाळा बुडाली तर काही बिघडत नाही. वर्गशिक्षिकेला आधी सांगून ठेवा म्हणजे झालं. राष्ट्रपती भवनामागचं अमृत उद्यानही साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये लोकांसाठी खुलं असतं.

आता वार. दिल्लीत लाल किल्ला, रेल्वे संग्रहालय, राष्ट्रीय संग्रहालय, अक्षरधाम, कमळ मंदिर हे सगळं सोमवारी बंद. प्राणिसंग्रहालय शुक्रवारी बंद, आणि आग्र्याचा ताजमहालही शुक्रवारीच. तेव्हा परभणीहून सोमवारी सकाळी सचखंड एक्सप्रेसने निघा. मंगळवारी दुपारी नवी दिल्ली येते. बुधवार ते शनिवार असे चार पूर्ण दिवस हाती राहतात. रविवारी दुपारच्या सचखंडने परत फिरलात की सोमवारी घरी. दोन्ही सोमवार गाडीतच जातात, बंद दाराशी उभं राहायची वेळ येत नाही.

आरक्षण प्रवासाचा दिवस सोडून ६० दिवस आधी सकाळी ८ वाजता उघडतं. समजा ८ फेब्रुवारीला सोमवार आहे, तर जायचं तिकीट १० डिसेंबरला आणि १४ तारखेचं यायचं तिकीट १६ डिसेंबरला निघेल. जायचं तिकीट हातात आलं की लोक निर्धास्त होतात आणि मधले सहा दिवस विसरतात. मग परतीला वेटिंग लागतं आणि तत्काळच्या मागे पळावं लागतं. दोन्ही तारखा आजच कॅलेंडरवर लिहून ठेवा.

मुलीचं तिकीट पूर्ण काढा. पाच वर्षं पूर्ण आणि बाराच्या आत असलेल्या मुलांना अर्धं तिकीट मिळतं, पण त्यात बर्थ मिळत नाही. बर्थ हवा तर भाडं मोठ्यांइतकंच. पंचवीस-सव्वीस तासांच्या प्रवासात आईच्या बर्थवर अवघडून झोपलेलं लेकरू दिल्लीत उतरतं तेच किरकिर करत. ऑनलाइन काढताना मुलाच्या नावापुढे 'बर्थ नको' असा पर्याय येतो. घाईत तोच निवडला जातो, तेवढं तपासा. सासूबाईंसाठी खालचा बर्थ हवा असेल तर त्यांचं तिकीट खालच्या बर्थच्या कोट्यातून वेगळं काढा. चौघांच्या एकत्र तिकिटात ही सवलत धरत नाहीत. वेगळ्या तिकिटाचा डबा वेगळा येण्याचा धोका असतो, म्हणून दोन्ही तिकिटं एकाच बैठकीत, एकाच वर्गाची काढा. तरी डबा वेगळा आलाच, तर मिस्टरांनी त्या बर्थवर जावं आणि सासूबाईंसाठी आपल्या डब्यात कुणाला तरी बर्थ बदलून मागावा.

गाडीत खाण्याची आबाळ होत नाही. पहिल्या दिवसासाठी धपाटे, दुधातल्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि गूळ पुरे. भात आणि पातळ भाजी मात्र नको, दुपारपर्यंत आंबते. सचखंडच्या प्रवाशांना वाटेतल्या काही स्टेशनांवर शीख सेवेकरी लंगर वाटतात. गाडी थोडाच वेळ थांबते, म्हणून ताट-डबा पिशवीच्या तळाशी न ठेवता हाताशी ठेवा. ही गाडी नांदेडहून, म्हणजे सचखंड हुजूर साहिब गुरुद्वाऱ्याच्या गावाहून, अमृतसरला जाते, हे मुलीला गाडीतच सांगा. पुढे त्याचा उपयोग आहे.

त्याहीआधी, घरातूनच एक तयारी करायची आहे. तिच्या हातात एक २० ची आणि एक ५०० ची नवी नोट द्या आणि दोन्हींची मागची बाजू बघायला सांगा. २० च्या नोटेवर वेरूळ आहे, जिथे ती रडली होती; ५०० च्या नोटेवर लाल किल्ला, जिथे ती आता निघालीय. नोटेवरचे बुरूज, कमानी, झेंडा तिला मोजू द्या. दिल्लीत लाहोरी दरवाजासमोर पोचलात की तीच नोट काढून समोर धरू द्या. (नोट मुलीच्या हातात, लक्ष तुमचं.) 'हा बघ लाल किल्ला' असं मोठ्यांनी दहादा सांगूनही जे बघितलं जात नाही, ते लेकरू आपणहून शोधायला लागतं.

दुसरी तयारी लोखंडाची. निघायच्या आठ दिवस आधी वाटीत थोडं पाणी घालून त्यात लोखंडी खिळा अर्धा बुडवून ठेवा. चार दिवसांत तो गंजतो. कुतुब मिनारच्या आवारात उभा असलेला लोहस्तंभ गुप्तकाळातला, सुमारे १६०० वर्षांपूर्वीचा. उंची सात मीटरच्या थोडी वर, वजन सहा टनांहून जास्त, आणि इतकी वर्षं ऊन-पाऊस खाऊनही तो गंजून गेलेला नाही. त्या लोखंडात फॉस्फरसचं प्रमाण जास्त आहे, त्यामुळे पृष्ठभागावर एक पातळ संरक्षक थर तयार होतो आणि आतलं लोखंड वाचतं. घरचा खिळा पाहिलेली मुलगी त्या खांबापुढे थांबते, न पाहिलेली पुढे पळते. खांबाभोवती १९९७ पासून कठडा आहे, मिठी मारता येत नाही, हे मात्र आधीच सांगून ठेवा.

कुतुब मिनारवर चढता येत नाही, तेही घरीच सांगा. मिनार साडेबहात्तर मीटर उंच, आत ३७९ पायऱ्या; पण डिसेंबर १९८१ मध्ये आतले दिवे गेल्यावर चेंगराचेंगरी झाली, त्यात ४५ जण गेले, बरीच शाळकरी मुलं होती. तेव्हापासून तो आतून बंद आहे. 'वर जायचं' म्हणून मनात मांडे खात आलेलं लेकरू खालीच हिरमुसतं. त्यापेक्षा दौलताबादचा चांद मिनार तिने पाहिलाय का, त्याची आठवण काढा. तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी दिल्लीहून आपल्या देवगिरीला आणली, तिचं नाव दौलताबाद ठेवलं, आणि माणसांना हजारावर किलोमीटर तुडवत यावं लागलं. तुम्ही तोच पल्ला गाडीत झोपून पार केलाय. एवढं सांगितलं तरी 'राजधानी' म्हणजे काय आणि ती हलते कशी, हे दुसरीच्या पोरीला पुरेसं कळतं.

आता दिवसांची वाटणी. मंगळवारी दुपारी पोचल्यावर आंघोळ, जेवण, झोप. संध्याकाळी फक्त इंडिया गेट आणि त्याच्या मागचं राष्ट्रीय समर स्मारक. इंडिया गेट ४२ मीटर उंच, १९३१ चं. समर स्मारक २०१९ चं, प्रवेश फुकट. चार चक्रं एकात एक आहेत. त्यातल्या त्याग चक्रात ग्रेनाइटच्या विटांवर शहीद जवानांची नावं कोरलेली आहेत. नुसतं फिरवलं तर मुलीला त्या भिंती वाटतील. तुमच्या गावचा, नाहीतर जिल्ह्यातला एखादा जवान शहीद झाला असेल तर त्याचं नाव घरून लिहून न्या आणि तिलाच शोधायला लावा. तिथे मोठ्याने बोलायचं नाही, भिंतीला टेकायचं नाही, एवढं दाराशीच सांगा.

बुधवारी लाल किल्ला. मेट्रोचं 'लाल किला' स्टेशन जवळच आहे. सकाळी उघडल्या उघडल्या आत शिरा, कारण आत चालणं बरंच आहे आणि अकरानंतर ऊन-गर्दी दोन्ही वाढतात. दरवाजातून आत गेलं की लगेच छत्ता चौकाचा बाजार लागतो, तिथे मुलीचे पाय हमखास थबकतात. 'येताना घेऊ' असं सांगा आणि येताना खरंच काहीतरी घ्या. शब्द मोडलात तर उरलेले चार दिवस ती प्रत्येक दुकानापाशी अडून बसेल. आत दोनच गोष्टी नीट दाखवा, दिवाण-ए-आम आणि दिवाण-ए-खास. दिवाण-ए-खासचं छत एके काळी चांदीने मढवलेलं होतं. पानिपतच्या आधी, १७६० मध्ये, सदाशिवरावभाऊंनी फौजेच्या खर्चासाठी ती चांदी काढून वितळवली. सासूबाईंना हे ऐकायला आवडेल; सावलीत बसून त्यांनीच नातीला सांगावं. संग्रहालयं सोडा. पुरातत्त्व खात्याच्या ठिकाणी पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नसतं, तरी तिच्या वयाचा पुरावा जवळ ठेवा.

गुरुवारी चाणक्यपुरीतलं राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय. मिस्टरांच्या यादीत ते नसेल तर घाला, बाकी काहीही काढा. मोकळ्या आवारात खरी जुनी इंजिनं आणि डबे उभे आहेत, पतियाळा संस्थानची एका रुळावर चालणारी गाडी आहे, आणि मुलांना बसायला छोटी गाडी आहे. इथे घाई करू नका, अख्खी सकाळ जाऊ द्या. त्या दिवशी संध्याकाळी बंगला साहिब गुरुद्वारा. डोकं झाकायला प्रत्येकाचा रुमाल, चपला जोडाघरात, हातपाय धुऊन आत. लंगरला जमिनीवर पंगत असते. सासूबाईंना खाली बसता येत नाही असं सेवेकऱ्याला सांगितलं की ते सोय बघतात. ताटात घेतलेलं टाकायचं नाही आणि पोळी दोन्ही हातांची ओंजळ करून घ्यायची, हे मुलीला शिकवा. नांदेडच्या गुरू गोविंदसिंगांचे वडील, गुरू तेगबहादूर, यांना १६७५ मध्ये दिल्लीतच चांदणी चौकात मारलं. तिथे सीसगंज गुरुद्वारा आहे. आपण ज्या गाडीने आलो तिचं नाव आणि हे सगळं एकाच धाग्यातलं आहे, हे तिथे बसून सांगितलं की लक्षात राहतं.

शुक्रवारी कुतुब. शनिवारी राष्ट्रपती भवन किंवा अमृत उद्यान, दोन्ही नको. दोन्हीची नोंदणी आधीच ऑनलाइन करून ठेवा आणि मूळ ओळखपत्र जवळ ठेवा, मोबाइलमधला फोटो दाखवून भागत नाही असंच धरून चला. सासूबाईंना फुलं आवडत असतील तर उद्यान घ्या. त्या दिवशी पाऊस आला किंवा नोंदणी मिळाली नाही, तर प्रगती मैदानाजवळचं राष्ट्रीय विज्ञान केंद्र आहे. बटणं दाबायची, चाकं फिरवायची, मुलं रमतात.

आग्रा या खेपेला नको. रस्त्याने जायला साडेतीन-चार तास, यायला तेवढेच; ताजसमोर दोन तास मिळतात आणि दुसरा दिवस अंग मोडून जातो. मिस्टरांची समजूत घालायची तर सांगा, आपल्याकडे बीबी का मकबरा आहे. ताजची पहिली ओळख मुलीला तिथे होऊ द्या, ताज ती आठवी-नववीत गेल्यावर दाखवा.

राहायची जागा निवडताना एकच कसोटी लावा, मेट्रो स्टेशनपासून चालत पाच मिनिटं. स्टेशनजवळच्या पहाडगंजात स्वस्त खोल्या भरपूर आहेत, पण कित्येक खोल्यांना खिडकी नसते आणि इमारतीला लिफ्ट नसते. फोनवर हे तीन प्रश्न विचारा : लिफ्ट, खिडकी, सकाळी गरम पाणी. आणि स्टेशनबाहेर कुणी गोड बोलून 'तुमचं हॉटेल बंद पडलंय', 'तो रस्ता बंद आहे' म्हणाला तर त्याच्याकडे न बघता पुढे व्हा. हॉटेलला स्वतः फोन करा. मेट्रो अजमेरी गेटच्या बाजूला आहे, पहाडगंज विरुद्ध बाजूला. चुकीच्या बाजूने बाहेर पडलात तर सामानासकट सगळा पूल पुन्हा चढावा लागतो.

मेट्रोत लेकरं हरवतात ती दोन जागी, आणि दोन्ही आधी माहीत असल्या तर धोका टळतो. पहिली जागा तपासणीची. बायका आणि पुरुष यांच्या रांगा वेगळ्या असतात आणि पिशव्या तिसऱ्याच ठिकाणी यंत्रात जातात. बायकांची रांग हळू सरकते, पिशव्या आधी बाहेर पडतात. तेव्हा सगळ्या पिशव्या मिस्टरांनी घालायच्या आणि त्यांनीच पलीकडे उचलायच्या. मुलगी तुमच्या हाताला, सासूबाई तुमच्या पुढे. मुलगी बाबांकडे पळाली तर तिला परत रांगेत पाठवतात आणि गोंधळ होतो. दुसरी जागा डब्याच्या दाराची. दारं आपोआप लागतात, थांबत नाहीत. नियम मुलीकडून घरीच पाठ करून घ्या. मी फलाटावर राहिले आणि तुम्ही गाडीत गेलात, तर मी तिथेच उभी राहणार, हलणार नाही. मी गाडीत आणि तुम्ही फलाटावर, तर मी पुढच्या स्टेशनला उतरून तिथेच उभी राहणार, तुम्ही मागच्या गाडीने येणार. घरी दोन खुर्च्या मांडून याचा खेळ खेळा, चार-पाच वेळा. चढताना आधी सासूबाई, मग मुलगी आणि तुम्ही, शेवटी मिस्टर. उतरताना मिस्टर पहिले.

जमेल तिथे सकाळी आठ ते साडेदहा आणि संध्याकाळी साडेपाच ते आठ मेट्रो टाळा, विशेषतः राजीव चौकला गाडी बदलायची असेल तर. जमिनीवर बसू नका, दंड होतो. आपल्याकडच्या माणसांचं नेमकं इथेच चुकतं. डब्यात खाणंपिणंही चालत नाही. तीन फुटांखालच्या मुलांनाच मेट्रो फुकट आहे, अर्धं तिकीट नसतं, म्हणजे तुमच्या मुलीचं पूर्ण तिकीट. सरकत्या जिन्यावर साडीचा पदर आणि मुलीची रबरी चप्पल सांभाळा. सासूबाईंना सरळ लिफ्टने न्या, ती प्रत्येक स्टेशनला असते.

मुलीच्या खिशात जाड कागदावर तुम्हा दोघांचे मोबाइल नंबर आणि हॉटेलचं नाव लिहून ठेवा. तिचं नाव बाहेरून दिसेल असं कुठेही लिहू नका. नावाने हाक मारली की लेकरू अनोळखी माणसाच्याही मागे जातं. रोज सकाळी निघताना तिचा त्या दिवशीच्या कपड्यांतला एक फोटो काढा. हरवली तर 'लाल फ्रॉक की गुलाबी' हे त्या घाबरलेल्या क्षणी आईलाही आठवत नाही. मदतीला ११२, आणि लेकरांसाठी १०९८.

फेब्रुवारीच्या सकाळी दिल्ली चांगलीच गार असते आणि दुपारी स्वेटर नकोसा होतो. एकच जाड जर्किन घेण्यापेक्षा बनियन, पूर्ण बाह्यांचा सदरा, स्वेटर असे तीन थर घाला, म्हणजे एकेक काढता येतो. कानटोपी हवीच. बूट नवे घेतले तर निदान पंधरा दिवस आधी घेऊन रोज शाळेत घालायला लावा. नव्या बुटाने पहिल्याच दिवशी टाचेला फोड येतो आणि मग चारही दिवस कडेवर. तिथे गेल्यावर पहिले दोन दिवस छोले-भटुरे आणि उघड्यावरची चाट टाळा, साधी डाळ-रोटी, दही, केळी द्या. तेलकटाची चव शेवटच्या दिवशी घेऊ द्या. बाटलीबंद पाणी आणि ओआरएसची चार पाकिटं जवळ असू द्या. प्रत्येक ठिकाणी आत शिरतानाच शौचालय कुठे आहे ते बघून ठेवा, लागल्यावर शोधायला वेळ नसतो.

आणि यादीतल्या उरलेल्या अकरा-बारा ठिकाणांचं काय, असं मिस्टर विचारतील. यादी फाडू नका. मुलीला द्या, तिने त्यातली दोन नावं स्वतः निवडावीत आणि ती शनिवार संध्याकाळसाठी राखून ठेवा. तिने डोसा खायचा आणि गच्चीवरून मेट्रो बघायची असं निवडलं, तरी तेच करा.